‘जरा पॉवरचं लिहून द्या!’

आपल्या गावांत डॉक्टर चांगला की वाईट, हे कशावरून ठरतं सांगा बरं? दाराबाहेरच्या पाटीवर किती पदव्या आहेत यावरून नक्कीच नाही. ‘दोन दिवसांत गुण आला’ यावरून ठरतं! आणि गुण लवकर यावा म्हणून आपणच डॉक्टरांना सांगतो, ‘जरा पॉवरचं लिहून द्या हो. परीक्षा तोंडावर आलीय पोराची.’ पेशंट ॲडमिट असेल तर भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा कॉटच्या पायथ्याशी उभा राहून दोनच प्रश्न विचारतो. ‘सलाईन किती झाल्या?’ आणि ‘अँटिबायोटिक सुरू केलं का?’ दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की सगळे निर्धास्त.

मी काही डॉक्टर नाही की नर्स नाही. साधी बी.ए. झालेली गृहिणी. पण बचत गटाच्या कामामुळे गेली काही वर्षं बायकांबरोबर दवाखान्यात जाणं, रात्री सोबतीला बसणं, केसपेपर हातात घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरणं हे माझ्या वाट्याला येतं. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या सासूचं पित्ताशयाचं ऑपरेशन, कुणाच्या बाळाचा ताप. असं फिरता फिरता एक गोष्ट लक्षात यायला लागली. आजार वेगळे, पेशंट वेगळे, दवाखानेही वेगळे, पण मेडिकलमधून आणायची चिठ्ठी मात्र जवळपास सारखीच! एक सलाईन, एक ॲसिडिटीचं इंजेक्शन, आणि एक किंवा दोन अँटिबायोटिक. मग मी वाचायला लागले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारायला लागले. जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडतेय, कारण घरातल्या औषधांचा डबा शेवटी आपल्याच हातात असतो.

मोठ्या दवाखान्यांत काय दिसलं?

आधी एक पक्कं समजून घेऊ. अँटिबायोटिक, म्हणजे मराठीत प्रतिजैविक, हे फक्त जिवाणूंवर चालतं. सर्दी, फ्लू, डेंग्यू, कांजिण्या हे विषाणूंचे आजार. त्यांच्यावर ते काही काम करत नाही. विषाणूचा साधा ताप तीन-चार दिवसांत आपला आपण उतरतो आणि श्रेय मात्र गोळीला जातं.

आता सरकारचीच पाहणी बघा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात देशातल्या २० मोठ्या रुग्णालयांत पाहणी केली. त्याचा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला. साडेनऊ हजारांहून अधिक दाखल रुग्णांच्या कागदपत्रांवर त्या दिवशी कोणकोणती औषधं चालू आहेत, एवढंच पाहिलं. तर १०० पैकी साधारण ७२ रुग्णांना अँटिबायोटिक चालू होतं!

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. यातली निम्म्याहून जास्त, म्हणजे ५५ टक्के औषधं ही झालेल्या आजारावर नव्हतीच. ‘पुढे जंतुसंसर्ग होऊ नये’ म्हणून आधीच दिलेली होती. उरलेली ४५ टक्के उपचारासाठी. त्यातही नेमका कोणता जंतू आहे हे तपासून दिलेली फक्त ६ टक्के. बाकी सगळी अंदाजाने. १०० पैकी जवळपास पाच रुग्ण तर एका वेळी चार किंवा त्याहून जास्त अँटिबायोटिक घेत होते. आणि एका रुग्णालयात १०० पैकी ३७ जणांना, तर दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात सगळ्याच्या सगळ्यांना, इतका फरक. म्हणजे पेशंटच्या आजाराइतकीच त्या दवाखान्याची सवयही औषध ठरवते, असंच म्हणायचं ना?

आणि ही सगळी मोठी, तज्ज्ञ डॉक्टर असलेली, तपासणीची सोय असलेली रुग्णालयं. तालुक्याच्या गावातल्या दहा खाटांच्या दवाखान्याचं चित्र यावरून तुम्हीच मनाशी रंगवा.

अंदाजाने औषध देणं नेहमीच चूक असतं असं मात्र अजिबात नाही. पेशंट थंडी वाजून कुडकुडतोय, रक्तदाब उतरतोय, तेव्हा रिपोर्टची वाट बघत बसलं तर माणूस हातचा जाईल. अशा वेळी डॉक्टर आधी कल्चरसाठी रक्त किंवा लघवी घेतात आणि लगेच औषध सुरू करतात. दोन-तीन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट आला की औषध बदलायचं, कमी करायचं की थांबवायचं, हे ठरवायचं असतं. गडबड होते ती इथे. कल्चर पाठवलंच जात नाही, किंवा रिपोर्ट येतो आणि फाईलमध्ये पडून राहतो. सुरू केलेलं औषध मात्र डिस्चार्जपर्यंत चालूच.

डाळीच्या डब्यातले पैसे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अँटिबायोटिकची तीन गटांत विभागणी केली. पहिला गट रोजच्या वापराचा, ‘ॲक्सेस’. यात ॲमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन अशी जुनी, भरवशाची औषधं. दुसरा ‘वॉच’, म्हणजे नजर ठेवून, कारण असेल तरच वापरायचा. यात ॲझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन, इंजेक्शनमधलं सेफ्ट्रिॲक्सोन. आणि तिसरा ‘रिझर्व्ह’, राखीव. बाकी काहीच चालेना झालं तरच काढायचा.

आपल्या भाषेत सांगायचं तर पहिला गट म्हणजे रोजच्या खर्चाचं पाकीट. दुसरा म्हणजे बचत गटाचं खातं, सह्या करून, कारण लिहूनच पैसे काढायचे. आणि तिसरा म्हणजे डाळीच्या डब्यात तळाशी, नवऱ्यालाही माहीत नसलेल्या चार नोटा. भाजी आणायला त्या नोटा काढत गेलं तर ज्या रात्री खरंच पोराला घेऊन धावावं लागेल तेव्हा डबा रिकामा!

आता त्या २० रुग्णालयांच्या पाहणीत काय निघालं? दिलेल्या औषधांत दुसऱ्या, ‘वॉच’ गटाची ५७ टक्के. रोजच्या गटाची फक्त ३८. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत सगळ्या देशांनी मिळून ठरवलं की २०३० पर्यंत जगात वापरल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकपैकी किमान ७० टक्के पहिल्या गटातली असावीत. आपल्याला अजून केवढी मजल मारायची आहे, बघा.

बोंडअळीनं शिकवलेला धडा

‘पण जास्त औषध घेतलं तर बिघडतं काय?’ असं आमच्या गटातल्या बायका विचारतात. मी त्यांना बोंडअळीचं उदाहरण देते. कापूस पिकवणाऱ्या घरांतल्या बायकांना ते लगेच पटतं. बीटी कापूस २००२ मध्ये आला. सुरुवातीची वर्षं अळी मरायची, शेतकरी खूश. पण लाखातली एखादी अळी वाचायची. वाचलेलीचीच प्रजा वाढायची. होता होता गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला पुरून उरली आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडं आतून पोखरून गेली. बियाणं तेच होतं, अळी बदलली होती.

जंतूंचंही तसंच. फरक एवढाच की अळीच्या पिढीला काही आठवडे लागतात आणि पोटातल्या काही जिवाणूंना एकाचे दोन व्हायला अनुकूल परिस्थितीत २० मिनिटं पुरतात. औषधाने कमजोर जिवाणू मरतात, निर्ढावलेले उरतात आणि तेच वाढतात. वर ते आपला हा गुण शेजारच्या जिवाणूंनाही देऊ शकतात! दवाखान्याच्या वॉर्डात तर सगळ्या प्रकारचे जंतू आणि सगळ्या प्रकारची औषधं एकाच छताखाली एकत्र येतात. तिथून मग ते कुणाच्या हातावरून, कॅथेटरच्या नळीवरून, कॉटच्या लोखंडी कठड्यावरून पुढच्या पेशंटकडे जातात. त्या पुढच्या पेशंटनं आयुष्यात एकही अँटिबायोटिक घेतलेलं नसलं, तरी त्याला होणारा आजार औषधाला दाद न देणारा असू शकतो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अभ्यासानुसार, औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली. पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेतानाच्या भाषणात हा धोका सांगून ठेवला होता, हे वाचून मी थक्क झाले. औषध बाजारात येऊन पुरती पाच वर्षंही झाली नव्हती तेव्हा!

आणि पेनिसिलिनचं आपल्याशी जवळचं नातं आहे, बरं का. स्वतंत्र भारत सरकारने औषधं बनवायला काढलेला पहिला कारखाना आपल्या पुण्याजवळ, पिंपरीला, १९५४ साली उभा राहिला. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात न्यूमोनियाने, बाळंतरोगाने घरंच्या घरं उजाड व्हायची. त्या पिढीला या औषधाची किंमत माहीत होती. आपल्याला ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं, म्हणून त्याची किंमत उरली नाही.

बाळंतिणीच्या कॉटवर

हा विषय बायकांच्या पुरवणीत कशाला, असं कुणाला वाटत असेल तर बाळंतपणाच्या वॉर्डात एक चक्कर मारून यावं. आमच्या गटातल्या एकीच्या मुलीचं बाळंतपण झालं. अगदी सुखरूप, नॉर्मल. दोन टाके. ताप नाही, काही नाही. तरी पाच दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन अँटिबायोटिकची इंजेक्शनं, घरी जाताना आणखी पाच दिवसांच्या गोळ्या. पोरीला मळमळ, जुलाब. अंगावर पाजायचंही सुचेना. घरच्यांचा खर्च झाला तो वेगळाच.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. गुंतागुंत नसलेल्या नॉर्मल बाळंतपणात सरसकट अँटिबायोटिक देऊ नये. साध्या टाक्यांसाठीही सरसकट नको. वार हाताने काढावी लागली, फार खोलवर फाटलं, तर द्यायलाच हवं. सिझेरियनसाठी द्यायचंच, पण तेही चीर देण्याच्या आधी, आणि एक डोस पुरे. इतर ऑपरेशनांनाही हाच नियम. चीर देण्याच्या वेळी औषध रक्तात हजर असलं पाहिजे. ऑपरेशन झाल्यावर केवळ टाका पिकू नये म्हणून दिवसच्या दिवस औषध चालू ठेवू नये, असं संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय. आपल्याकडे मात्र बहुतेकदा टाके काढेपर्यंत चालू!

मी त्या डॉक्टरांना विचारलं. भांडायला नाही, समजून घ्यायला. त्यांनी फार प्रामाणिक उत्तर दिलं. म्हणाले, ‘ताई, तुम्ही म्हणता ते पुस्तकात मीही वाचलंय. पण माझ्या वॉर्डात एकेका बाळंतिणीला भेटायला दहा माणसं येतात, कॉटवर बसतात, बाळाला हाताळतात. नळाला दुपारी पाणी नसतं. मावशी एकच, ती तीन वॉर्ड पुसणार. उद्या टाका पिकला तर तुम्हीच सगळे मला येऊन विचारणार, डॉक्टर, अँटिबायोटिक का नाही दिलं? दिलं म्हणून आजवर मला कुणी जाब विचारलेला नाही.’

मला त्यांचा राग आला नाही. पण मनात आलं, म्हणजे जे काम झाडू, साबण आणि नळाच्या पाण्याचं, ते आपण इंजेक्शनकडून करून घेतोय! डॉक्टरांना भीती आहे, नातेवाइकांना घाई आहे आणि भरपाई बाळंतिणीच्या दंडातून होतेय.

हात धुण्याने काय होतं याची गोष्ट बायकांनी तर माहीत करून घ्यायलाच हवी. १८४७ साल. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात सुईणी काम करायच्या, दुसऱ्यात डॉक्टर आणि विद्यार्थी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने बायका कितीतरी जास्त मरायच्या. इतक्या, की ‘आम्हाला तिथे नका हो पाठवू’ म्हणून बायका गयावया करायच्या. इग्नाझ सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला तपासायला येतात. त्याने सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावलं. एप्रिल महिन्यात १०० पैकी १८ बायका दगावत होत्या, त्या जूनपर्यंत दोनवर आल्या. पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा अजून ८१ वर्षं होती!

औषध शत्रू नाही

पण मैत्रिणींनो, हे वाचून ‘अँटिबायोटिक म्हणजे विष’ असा समज मात्र करून घेऊ नका. योग्य हातात, योग्य वेळी तीच सुई जीव वाचवते. याचं जगाने मान्य केलेलं उदाहरण आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळ दूध ओढत नाही, निपचित पडलंय, रडणं क्षीण झालंय, अशी ठरलेली लक्षणं ओळखायला शिकवलं आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि को-ट्रायमोक्साझोलचं औषध द्यायला शिकवलं. त्यासोबत ऊब, अंगावरचं दूध, स्वच्छता हे होतंच. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं.

यात मला काय आवडलं सांगू? दोन्ही औषधं पहिल्या गटातली. साधी, स्वस्त, जुनी. आणि कोणत्या बाळाला द्यायचं याचा नियम पक्का. लक्षणं असतील तरच सुई. कमी शिकलेल्या गावातल्या बायकांना जमलं ते पाटीवर चार पदव्या लावलेल्यांना का जमू नये?

उलट उदाहरण करोनाचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं की करोनासाठी दाखल झालेल्यांपैकी जेमतेम ८ टक्के रुग्णांना सोबत जिवाणूंचा संसर्ग होता. अँटिबायोटिक मात्र १०० पैकी ७५ जणांना दिलं गेलं. त्या दिवसांत आपल्याकडे ॲझिथ्रोमायसिनच्या स्ट्रिपा लोकांनी घरात किराण्यासारख्या भरून ठेवल्या होत्या, आठवतंय ना?

‘आर’ची रांग

आता जे सांगते ते आमच्या गटातल्या एका मावशींचं. मधुमेह होता. लघवीला वारंवार जळजळ व्हायची. लाज वाटते म्हणून दवाखान्यात जायच्या नाहीत. मेडिकलवाल्या पोराला हळूच सांगायचं, तो दोन दिवसांच्या चार गोळ्या कापून द्यायचा. बरं वाटायचं. पुन्हा दोन महिन्यांनी तेच. एकदा दवाखान्यात गेल्या तेव्हा तिथेही न तपासता मोठी गोळी मिळाली. असं दीड-दोन वर्षं चाललं.

मग एका रात्री थंडी वाजून ताप भरला, बोलणं असंबद्ध झालं. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी लघवीचं कल्चर पाठवलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, तो मी स्वतः पाहिला. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. ‘एस’ म्हणजे हे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे चालणार नाही. वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. अगदी शेवटी तीन ‘एस’, आणि ती तिन्ही इंजेक्शनं. ‘तोंडाने घ्यायची एकही गोळी आता यांना चालणार नाही,’ बाई म्हणाल्या. दहा दिवस दवाखाना, सुनेची मजुरी बुडाली, गटातून कर्ज उचलावं लागलं. मावशी वाचल्या. पण पुढच्या वेळी त्या रिपोर्टवर किती ‘एस’ उरलेले असतील, हे मला त्यांना विचारवत नाही.

कायदा आहे, पण…

असं नाही की सरकारने काहीच केलं नाही. मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ हा नियम लागू झाला. त्यातली औषधं, ज्यांत वरच्या दर्जाची बरीच अँटिबायोटिक आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. दुकानदाराने रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. २०१६ मध्ये ‘लाल रेघे’ची मोहीम निघाली. गोळ्यांच्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध मनाने घ्यायचं नाही. आज घरी गेल्यावर औषधांचा डबा उघडून बघा, दोन-तीन लाल रेघा सापडतीलच!

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र लिहून सांगितलं की अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी, हे कारणही चिठ्ठीवर लिहा. औषध दुकानदारांनाही चिठ्ठीशिवाय देऊ नका म्हणून सांगितलं. केरळने तर त्याच वर्षी दुकानांवर अचानक तपासण्या सुरू केल्या आणि अँटिबायोटिक निळ्या पाकिटात देण्याची पद्धत आणली. निळं पाकीट हातात आलं की घरातल्या आजीलाही कळतं, हे जपून वापरायचं औषध आहे. आपल्याकडेही असं काही करायला काय हरकत आहे?

आपण काय करायचं?

डॉक्टरांशी वाद घालायचा नाही. पण विचारायचं जरूर. आम्ही आमच्या गटात पाच गोष्टी ठरवल्यात आणि त्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवल्यात.

एक, ‘पॉवरचं द्या’ हे वाक्य बंद. त्याऐवजी विचारायचं, ‘डॉक्टर, याला अँटिबायोटिकची गरज आहे का?’ गरज नाही असं डॉक्टर म्हणाले तर ‘औषधच नाही दिलं’ म्हणून नाराज व्हायचं नाही, दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढायची नाही. ताप वाढला, खाणंपिणं सुटलं, धाप लागली तर कधी परत यायचं, तेवढं मात्र विचारून घ्यायचं.

दोन, पेशंट ॲडमिट असेल तर, ‘सुरू करण्याआधी कल्चर पाठवायचं आहे का?’ आणि तिसऱ्या दिवशी, ‘रिपोर्ट आला का? औषध बदलायचं की थांबवायचं?’ एवढं विचारायचं. राउंडच्या वेळी घाई असते, म्हणून आधीच कागदावर लिहून न्यायचं.

तीन, ऑपरेशन किंवा बाळंतपण असेल तर, ‘हे औषध किती दिवस चालणार आणि कशासाठी?’ हा प्रश्न. दवाखान्यात हात धुवायला साबण नसेल तर तो मागायचा. आणि भेटायला जाणाऱ्यांची जत्रा आपणच थांबवायची. खरं सांगते, हे तिसरं कलम पाळणं सगळ्यांत अवघड जातं. ‘बघायला पण येऊ देत नाहीत’ म्हणून पाहुणे रुसतात!

चार, चालू केलेलं औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही आणि उरलेली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही. टीबीच्या औषधांचं तर विशेषच. बरं वाटलं म्हणून सोडलं आणि टीबी औषधाला दाद देईनासा झाला, की उपचार आणखी कठीण होतात.

पाच, प्रत्येक घरात एक फाईल. जुने केसपेपर, कल्चरचे रिपोर्ट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते. पुढच्या डॉक्टरला त्यातून फार मदत होते. मावशींच्या सुनेने अशी फाईल केलीय. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती देवघराच्या फळीवर ठेवते, म्हणजे रात्रीबेरात्री शोधावी लागत नाही.

आता त्या बाळंतपणाच्या वॉर्डाबद्दल. आमच्या गटाने आपसांत थोडी वर्गणी काढली आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन तिथे पाण्याचा ड्रम, तोटी आणि साबणदाणी बसवून दिली. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, ‘एका वेळी दोनच माणसं, हात धुऊनच आत.’ पहिल्या आठवड्यात साबण तीनदा चोरीला गेला. मग एका आजींनी तो दोरीने बांधून टाकला! डॉक्टरांनी एवढंच कबूल केलंय की गुंतागुंत नसलेल्या नॉर्मल बाळंतिणीला सरसकट पाच दिवस इंजेक्शन देणार नाही, रोज ताप आणि टाके बघून ठरवेन. सुरुवात म्हणून मला ते पुष्कळ वाटलं.

तुमच्या गावात, तुमच्या गटात, भिशीत, हळदीकुंकवाला हा विषय काढून बघा. तिळगुळाबरोबर एकेक साबणाची वडी लुटायलाही हरकत नाही!